रिकाम्या हंड्यांची वाट

गाडीच्या पाटीवर धाराशिव लिहिलेलं होतं आणि मी परभणीच्या स्टँडवर उस्मानाबादची गाडी शोधत उभी होते. नाव बदललंय हे मला ठाऊक होतं. भाऊ फोनवर धाराशिवच म्हणतो. पण डोळे जुनंच नाव शोधत राहिले. गाडी हलायला लागली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचंय, आणि मी सांगितल्यावर तो म्हणाला की मग चढा की, हीच तर आहे. सगळ्या प्रवासभर मला वाटत होतं की आपण भलत्याच गावाला चाललोय.

भावानं गावाबाहेर नवं घर बांधलंय. त्याच्या गृहप्रवेशाला गेले होते. परित्राणपाठ झाला, खीर झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पायात चपला सरकवल्या आणि एकटीच बाहेर पडले. जिथं आता घर आहे तिथं पूर्वी करडईचं रान होतं असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, तुरीचं. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्याला काय आठवणार. पण तो इतक्या खात्रीनं सांगतो की मीच गडबडते. करडईचे काटे पोटऱ्यांना लागून रक्ताच्या बारीक रेघा उमटायच्या, त्या तर मला दिसतात अजून. तूर असती तर त्या कशा उमटल्या असत्या?

मला एक वाट शोधायची होती. नाक्यापासून निघायची, खडीच्या रस्त्यानं, एका मोठ्या लिंबाखालून, मळ्यातल्या विहिरीला वळसा घालून हातलाईच्या डोंगराच्या पायथ्याला जायची. त्या वाटेवर मी आणि कौशी तीन वर्षं रोज पळलो. डोळे बांधून सोडलं तरी जाईन, असं मी माझ्या मुलीला कितीदा तरी सांगितलंय. आणि आता डोळे उघडे ठेवून ती सापडत नव्हती. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, डोंगराला जायचं तर रिक्षा करा. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं उजवीकडं हात केला, त्याच्या शेजारच्यानं डावीकडं, आणि मग त्या दोघांचंच आपसात सुरू झालं. मी मधल्याच रस्त्यानं निघाले. रंगीत बूट घातलेली चार-पाच पोरं-पोरी माझ्या बाजूनं पळत गेली. त्यांच्या पावलांचा मऊ, रबरी आवाज आला आणि विरला. आमच्या पळण्याला भांड्यांचा आवाज होता.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी जर्मनचा एक हंडा होता आणि त्याला एका बाजूनं पोचा होता. आबा, म्हणजे माझे वडील, बांधकाम खात्यात होते. रस्त्यांच्या कामावर मोजणीची साखळी धरायचे. त्या वर्षी सगळा जिल्हा खडी फोडत होता, त्यामुळं आबा दिसायचेच नाहीत. आठवड्यातून एकदा घरी आले की त्यांच्या कपड्यांना दगडाच्या भुकटीचा वास यायचा. कधी कामावर वाटलेली सुकडी रुमालात बांधून आणायचे. त्या सुकडीचा गुळकट, किंचित खवट वास मला आवडायचा. आईला आवडायचा नाही. ती म्हणायची, हा वास घरात राहिला की पाऊस परत फिरतो.

गावातल्या विहिरी आटल्या होत्या. टँकर यायचा, पण त्याचा नेम नव्हता. गावाबाहेर एका मळ्यात एकच विहीर होती जिचं पाणी टिकून होतं. मळेवाला पहाटे दोन तास पाणी भरू द्यायचा, मग आपल्या जनावरांसाठी राखायचा. त्यामुळं जी आधी पोचेल तिला पाणी. बायका झपाझपा चालायच्या. मी तेरा वर्षांची होते, मी पळायचे. हंडा कमरेवर धरला की तो हाडाला लागायचा, डोक्यावर घेतला की पडायचा, म्हणून मी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून पळायचे. माझ्या पोलक्याचं बटण त्याच्यावर आपटून टण टण वाजायचं.

एके दिवशी माझ्या मागून दुसरा आवाज आला. जरा जड, पितळेचा. वळून बघितलं तर माझ्याच वर्गातली एक मुलगी. नवीनच शाळेत आली होती, कुणाशी बोलायची नाही. ती माझ्या बाजूनं निघून गेली तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून तिला धाप लागली असेल असं अजिबात वाटलं नाही. ती कौशी. बेंबळीच्या पलीकडं कुठल्याशा वाडीवर तिच्या आईवडलांची थोडी जमीन होती. दोघंही खडीच्या कामावर जात होती आणि पोरीचे हाल नकोत म्हणून तिला उस्मानाबादला मामाकडं ठेवलं होतं.

विहिरीवर दोन ओळी असायच्या. आमच्या वस्तीतल्या बायका एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण चूक कुणाचीच व्हायची नाही. कौशीची झाली. आमची ओळ आखूड दिसली म्हणून ती सरळ माझ्यामागं येऊन उभी राहिली. बायका गप्प झाल्या. ही गोष्ट तिच्या घरी तिच्याआधी पोचली. मामीनं तो हंडा तिला राखेनं तीनदा घासायला लावला. हे कौशीनंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, हसत हसत.

"लई चकचकीत झाला बघ," ती म्हणाली, आणि पुन्हा आमच्याच ओळीत उभी राहिली.

तिला कळत नव्हतं की कळून ती तसं करत होती, हे मला तेव्हाही उमगलं नाही. पुढं कौशीच्या बाबतीत मला असंच होत राहिलं.

आमच्या शाळेत पीटीला देवकरबाई होत्या. मिरजेकडच्या, एकट्या राहायच्या आणि सायकल चालवायच्या. सायकलवर बाई दिसली की रस्त्यावरचे लोक काम थांबवून बघत, आणि बाई कुणाकडंच बघत नसत. एकदा वर्गात येऊन त्यांनी विचारलं की पहाटे हंडे घेऊन पळणाऱ्या दोन मुली कोणत्या. आम्हाला वाटलं शिक्षा होणार. कौशी उभी राहिली, मी तिच्या मागून उठले. बाई म्हणाल्या, उद्या हंड्याशिवाय पळून दाखवा.

त्या पहिल्या दिवसाची गंमत अजून आठवते. हातांचं काय करायचं तेच आम्हाला कळेना. मी हात पोटाशीच धरून पळत होते, न दिसणारा हंडा असल्यासारखी. कौशीचे हात दोन्ही बाजूला काठ्यांसारखे लोंबत होते. बाई मागून सायकलवरून ओरडत होत्या की कोपरं वाकवा, कोपरं. मामीकडं बाई स्वतः गेल्या. मामीची अट एकच होती, पाणी आलं पाहिजे. मग ठरलं असं की आधी डोंगरापर्यंत जाऊन यायचं, लिंबाखाली ठेवलेले हंडे उचलायचे आणि मग विहिरीवर जायचं. म्हणजे आम्ही अजूनच लवकर उठायला लागलो.

आबा एका रविवारी घरी होते. मी त्यांना म्हटलं की आमची वाट मोजून द्या. ते खरंच साखळी घेऊन आले. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. कौशी मध्ये उभी राहून साखळी ताणली गेलीय का बघायची. येऊनजाऊन साडेचार किलोमीटर, वर थोडं, असं आबांनी सांगितलं आणि पिशवीतल्या वहीत लिहूनही ठेवलं, सरकारी काम असल्यासारखं. मधला खडीचा रस्ता त्यांच्याच खात्याचा होता. दुष्काळी कामात तो सुरू झाला होता. नुसती खडी अंथरलेली, वर रोलर फिरलेला नाही. अनवाणी पायांनी त्याच्यावरून पळणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही कडेच्या मातीवरून पळायचो. तो रस्ता डोंगराच्या अलीकडं एका रानात एकाएकी संपायचा. पुढं गाव नाही, वस्ती नाही. मी आबांना विचारलं होतं, हा कुठं जाणार. ते म्हणाले, काम निघालं होतं म्हणून केला, कुठं जायचं ते ठरायचंय.

पुढच्या वर्षी पाणी झालं. विहिरी भरल्या, हंडे घरी राहिले. आम्ही मात्र थांबलो नाही. कौशीला तिच्या आईवडलांनी परत नेलं नाही, का ते मला माहीत नाही. माझ्या डोक्यात त्या तीन वर्षांचे महिने एकमेकांत मिसळून गेलेत. ज्वारीचा हुरडा भाजल्याचा धूर आणि डांबराच्या तापलेल्या पिंपांचा वास मला एकाच सकाळी आल्यासारखा आठवतो, आणि एक थंडीतला, एक उन्हाळ्यातला, ते तर होऊच शकत नाही. उरुसाच्या दिवसांत आम्ही दर्ग्याकडच्या गल्लीनं वळसा घ्यायचो. रात्रीच्या गर्दीनंतर पहाटे तिथं सगळं शांत असायचं. बांगड्यांची दुकानं कापडं ओढून झोपलेली, जमिनीवर चुरगळलेल्या गुलाबपाकळ्या, आणि लोबानचा वास इतका दाट की तो आमच्या केसांत बसून शाळेपर्यंत यायचा. थंडीत ढोकीच्या कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्या लागायच्या. गाड्यांवर बायका-पोरं घोंगडीत गुरफटलेली. एखादी बाई वरूनच ऊस पुढं करायची, कौशी पळता पळता तो ओढून घ्यायची आणि गुडघ्यावर मोडून अर्धा मला द्यायची. गुडघ्यावर ऊस मोडायला थांबावं लागतं. पण माझ्या आठवणीत ती थांबलेली नाही.

डोंगराच्या पायथ्याला काळ्या शेळ्यांचा कळप घेऊन एक चाचा भेटायचे. आम्ही आलो की शेळ्या फाकायच्या, आणि चाचांना त्या गोळा करत बसावं लागायचं. ते रागावत नसत. "इत्ते सवेरे किधर भागरे, बेटा?" असं रोज विचारायचे. रोज. कौशी एकदा म्हणाली, "चाचा, परत यायलोय न्हवं का," आणि चाचांनी मान हलवली, जणू आता सगळं स्पष्ट झालं.

कौशी माझ्यापेक्षा वेगात पळायची. हे आमच्यात ठरलेलंच होतं, वाद नव्हता. ती मागं वळून बघायची नाही. मी सारखी बघायचे, मागं कुणी नसलं तरी. लिंबापर्यंत आम्ही बरोबर असायचो, विहिरीनंतर ती पुढं जायची, आणि डोंगराच्या पायथ्याशी दगडावर बसून माझी वाट बघायची. तिच्या पायाच्या भेगांत माती बसलेली असायची. ती काडीनं ती माती काढत बसायची. बोलायचं असेल तर तिथंच बोलायची. आपल्याला मोठेपणी काय व्हायचंय वगैरे आम्ही कधी बोललो नाही. ती विचारायची ते असं असायचं, की औरंगाबादला जायला किती तास लागतात, आणि तिथल्या मैदानावर पळताना बाजूला लोक बसलेले असतात ते बोलतात का गप्प बसतात.

औरंगाबादचं बाईंनी सांगितलं होतं. दहावीच्या वर्षी थंडीत जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. मुलींची लांब पल्ल्याची शर्यत रस्त्यावरून होणार होती, नाक्यापासून मैलाच्या दगडापर्यंत आणि परत येऊन मैदानात. त्यात जी पहिली येईल ती विभागाच्या स्पर्धेला औरंगाबादला जाणार. एकच. बाई दोघींना समोर बसवून म्हणाल्या, तुमच्यातलीच कुणीतरी जाणार, आणि त्यांनी बघितलं कौशीकडं. मला वाईट वाटलं नाही. मीही तिच्याकडंच बघत होते.

त्या दिवशी कौशीचा मामा मैदानाच्या दरवाज्याशी उभा होता. त्याच्याबरोबर फेटा बांधलेले एक पाहुणे होते, ते मी पूर्वी कधी बघितले नव्हते. लाऊडस्पीकरवर कोणीतरी सारखं एकच नाव पुकारत होतं. आम्ही वीस-पंचवीस मुली होतो. काहीजणी सुरुवातीलाच सुसाट सुटल्या आणि मैलाच्या दगडाआधीच पोट धरून चालायला लागल्या. परत फिरताना पुढं फक्त कौशी होती, तिच्यामागं वीस पावलांवर मी, आणि माझ्यामागं बरंच अंतर सोडून बाकीच्या. मला तिची वेणी दिसत होती, एका लयीत डावीकडं उजवीकडं. मी काही तिला गाठायला पळत नव्हते. रोजच्यासारखीच मागं होते.

कौशी मैदानाच्या दरवाज्यातून आत गेली आणि थांबली.

पडली नाही, वाकली नाही. उभी राहिली आणि खाली बघायला लागली. आता जाईल, आता जाईल, असं म्हणत मी तिच्याजवळ आले. माझे पाय थांबत नव्हते. मी तिच्या बाजूनं गेले तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी पुढं पन्नास वर्षं वाचत राहिले. कधी मला ती 'जा' म्हणतेय असं वाटायचं. कधी 'थांब'. मी दोरी छातीवर घेतली. लोक ओरडत होते. बाईंनी मला जवळ घेतलं, पण त्यांची मान मागं वळलेली होती. कौशी तिसरी आली. माझ्याजवळ येऊन तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि हसली. तेवढ्यात मामानं हाक मारली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्याही नाही. मी घरी गेले तर मामीनं दारातूनच सांगितलं की तिला वाडीवर नेलंय, मुरूमकडचं स्थळ आहे, सोयरीक झाली. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. मामी पहिल्यांदाच माझ्याशी मऊ बोलली, म्हणाली, पोरगी खुशीत हाय, तू काळजी करू नको. देवकरबाई वाडीवर जाऊन आल्या. टेबलाशी बसून शिट्टीतली धूळ टाचणीनं काढत राहिल्या.

मग औरंगाबादचा दिवस आला. आईनं दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. आबा सुट्टी काढून स्टँडवर आले होते, धुतलेली टोपी घालून. गाडी लागली, बाकीच्या शर्यतींतली मुलं चढली, बाई पायरीवर उभ्या राहून हात पुढं करत होत्या. मी म्हटलं, मी येत नाही. बाई म्हणाल्या, काय झालं. मी म्हटलं, पोटात दुखतंय. दुखत नव्हतं. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती जागा कौशीनं मला दिली आणि दिलेल्या जागेवर बसू नये, असं काहीतरी होतं. किंवा मी ती घेतली, असं होतं. किंवा मी नुसतीच घाबरले होते आणि बाकीचं सगळं नंतर रचलं. इतकी वर्षं मी या तिन्हींमध्ये फिरतेय.

बाईंनी मला पुन्हा विचारलं नाही. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "दोन पोरी होत्या माझ्याकडं. आता एकही नाही." मग गाडी गेली.

आबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "पोरी, दशम्यांचं काय करायचं?" आम्ही एका पुलाच्या कठड्यावर बसून त्या खाल्ल्या. घरी आईला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण आईनं मला कधी विचारलं नाही. त्यानंतर मी पळाले नाही. मॅट्रिक झाले, पोस्टात लागले, लग्न होऊन परभणीला गेले. त्या वर्षांत अधूनमधून स्वप्न पडायचं की मी पळतेय आणि पुढं वेणी हलतेय. नंतर तेही पडेनासं झालं.

तर त्या सकाळी मधल्या रस्त्यानं मी कुठंतरी पोचले. डोंगर दिसत होता, पण जिथं असायला हवा तिथं नाही. किंवा मीच वेगळ्या बाजूला उभी होते. लिंब नव्हता. विहीर असेल तर कुणाच्या तरी कंपाउंडच्या आत असेल. पायाखाली चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता होता, आणि त्याच्याखाली आमची खडी आहे का, हे कुणाला विचारणार? मी परत फिरले, आणि परतीला रस्ता चुकून गावातल्या जुन्या गल्लीत आले. तिथं मात्र मला कौशीच्या मामाचं घर ओळखू आलं. खाली आता मोबाईलचं दुकान आहे. दुकानातला मुलगा मामाचा नातू निघाला. कौशाआत्या का, म्हणाला, हाय की, मुरूमला. आणि त्यानं नंबर लावूनच फोन माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं, ओळख सांगायला वेळ लागेल. मी नुसतं नाव घेतलं. पलीकडून तिचा आवाज आला, जाड झालेला. "अगं, तू अजून हायेस?" ती म्हणाली. "मग ये की."

मी दुसऱ्याच दिवशी उमरग्याच्या गाडीनं गेले, येणेगूरला उतरून जीपनं मुरूम. कौशी ओसरीवर खुर्चीत बसली होती. वजन वाढलेलं, जाड भिंगाचा चष्मा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. नवरा कारखान्याला ऊस वाहायचा ट्रॅक्टर चालवायचा, चार वर्षांपूर्वी गेला, हे तिनं पाणी देतानाच सांगून टाकलं. मग माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाली की वाळलीस. तिच्या बोलण्यात आता कानडी हेल आलाय. नात तिला अव्वा म्हणते. ती नात, बारा-तेरा वर्षांची, शाळेच्या कपड्यांतच दाराला टेकून माझ्याकडं टक लावून बघत होती.

"हीच ती," कौशी तिला म्हणाली. "औरंगाबादला गेलेली."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण कौशी सांगायच्या भरात होती. मुरूमला लग्न होऊन आल्यापासून ती हे सांगत आलीय असं दिसलं. सासूला, जावांना, लेकींना, आता नातीला. माझी मैत्रीण औरंगाबादला पळाली. मोठं मैदान, हजारो लोक. नात शाळेत पळते, आणि कौशीनं तिच्या वडलांना, म्हणजे आपल्या मुलाला, ठणकावून सांगितलंय की पोरीला जिथं पाठवायचं तिथं पाठव, माझ्या मैत्रिणीचा बाप साखळीवरचा माणूस होता, त्यानं पाठवली, तुला काय झालं.

चहा झाला. मला राहवेना. मी विचारलं की त्या दिवशी तू दरवाज्यात का थांबलीस.

"कुठं?"

"शर्यतीत. मैदानात आलीस आणि थांबलीस."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. आठवायला तिला जरा वेळ लागला, आणि त्या वेळात मी पन्नास वर्षांची सगळी उत्तरं पुन्हा एकदा मोजली. मामा, फेट्याचे पाहुणे, माझ्यावरची माया, माझी कीव.

"चुन्याच्या रेघा हुत्या न्हवं का," ती म्हणाली. "दोन. एक हिकडनं जायाची, एक तिकडनं. कंच्या रेघंनं जायाचं त्येच मला कळंना. आपल्या वाटंवर रेघा कुठं हुत्या? म्हणून हुबी ऱ्हायले. मग तू गेलीस, तवा कळलं की हिकडनं हाय."

"एवढंच?"

"मग काय?" ती म्हणाली. "तुला बघून मला बरं वाटलं. म्हटलं, हिला ठावं हाय."

मला ठाऊक नव्हतं. मला तर रेघा आठवतही नाहीत. एक असेल, दोन असतील, नसतीलच. मी फक्त लोक जिकडं ओरडत होते तिकडं पळाले. आणि त्या एका नजरेवरून मी स्टँडवरून परत फिरले होते. नात अजून माझ्याकडं बघत होती. ती आता विचारणार हे मला दिसत होतं, आणि तिनं विचारलंच, की आजी, औरंगाबादला कितवा नंबर आला तुमचा.

कौशी खुर्चीत पुढं सरकली. तिलाही ते कधी कळलेलं नव्हतं. तिसरा म्हटलं असतं तरी चाललं असतं. दहावा म्हटलं असतं तरी त्या दोघी खूश झाल्या असत्या. कौशीचं नातीसाठीचं सगळं भांडण माझ्या जाण्यावर उभं होतं, हे मला कळत होतं. तरी पन्नास वर्षांनी त्या बाईच्या ओसरीवर बसून, तिचा चहा पिऊन, माझ्या तोंडातून खोटं निघेना.

"मी गेले नाही, कौशे," मी म्हटलं. "स्टँडवरून परत आले."

नात एकदा कौशीकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. रस्त्यावरून एक जीप माणसं ओरडून बोलवत गेली. कौशीचा चेहरा रागाचा नव्हता, दुःखाचाही नव्हता. हिशेब लागत नाही अशा माणसाचा होता.

"तू न्हाय गेलीस," ती सावकाश म्हणाली. "म्या तर हिकडं आले. मग गेलं कोण?"

ती खरंच उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, कुणीच नाही गं. तिनं मान हलवली, पण ते तिला पटलेलं दिसलं नाही. तिनं नातीला हाक मारून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "हिला इचार आता, नीट. सगळं खरं खरं सांगंल." पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बसली. येणेगूरची शेवटची जीप पाचला होती. पाच वाजायला आले होते. मी उठले नाही.